ओळीच्या वरचा दोन

अक्षर ओळीच्या वर उडालं की ती चूक. श्रीरामपूरच्या टायपिंगच्या क्लासात मला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं गेलं, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की पुढं त्यातच माझी फजिती झाली. टाईपरायटरवर काही अक्षरांसाठी शिफ्टची कळ दाबून धरावी लागते. ती अर्धवट दाबली गेली की अक्षर आपल्या जागी न बसता अर्धं वर सरकतं. सरकारी परीक्षेत असल्या प्रत्येक अक्षराचे मार्क कापत. क्लासचे मास्तर आमचा कागद डोळ्यांसमोर आडवा धरायचे, एक डोळा मिटायचे आणि ओळीवरून नजर फिरवायचे. एखादं अक्षर वर दिसलं की तांबड्या पेन्सिलीने त्याला गोल करून म्हणायचे, "हे कुठं निघालंय, फिरायला?" मग आख्खा क्लास हसायचा.

माझ्या परीक्षेच्या कागदावर असा एकही गोल निघाला नव्हता. घरी येऊन मी ते सगळ्यांना सांगितलं. आईला सांगितलं, आबांना सांगितलं, चुलत्याला आणि शेजारच्या वस्तीवरून ताक न्यायला येणाऱ्या म्हातारीलाही सांगितलं. माझ्या हातून चूक होत नाही, हे वाक्य त्या दिवसांत इतक्या वेळा माझ्या तोंडी असायचं, की आता आठवलं तरी कानशिलं तापतात. धाकट्या बहिणीला तर मी ते जेवताना, झोपताना, केस विंचरताना ऐकवायचे. ती बिचारी ऐकायची आणि वर कौतुकाने हसायची.

मी मुळात नाकावर माशी बसू न देणारी. कुणी चूक दाखवलेली मला खपायची नाही. देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात, पाटाच्या कडेला आमची वस्ती. आजूबाजूला ऊस, आणि माणसं सगळी शेतात राबणारी. त्या वस्तीवरून नोकरीला जाणारी मी पहिली मुलगी. जवळच्या गावातल्या हायस्कुलात जुने क्लार्क रिटायर झाले आणि जूनपासून मला तिथं टायपिस्ट म्हणून घेतलं. इस्त्रीची साडी नेसून, हातात पर्स घेऊन मी पाटाच्या कडेने निघाले की बैलगाडीवाले गाडी बाजूला घेत. मला त्याची फार गुर्मी चढली होती, यात काडीचीही शंका नाही.

बहीण त्याच शाळेत दहावीला होती. त्या काळी मॅट्रिक अकरावीला असायची, आणि मुलींना मॅट्रिकला बीजगणित-भूमितीच्या ऐवजी साधं अंकगणित घेण्याची सवलत होती. आमच्याकडे ती सवलत म्हणजे नियमच होऊन बसली होती. मुलगी म्हटलं की अंकगणित. मीही अंकगणित घेऊनच मॅट्रिक झाले, म्हणजे व्याज, नफा-तोटा आणि हौदाला लावलेल्या तोट्या. बीजगणिताच्या पुस्तकाचं पान मी कधी उघडलं नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं.

बहिणीने मात्र आठवीपासून धोशा लावला होता. तिला बीजगणित हवं होतं, कारण अंकगणित घेतलं की सायन्सचा रस्ता बंद, आणि तिला सायन्स घेऊन पुढं कॉलेजात गणित शिकवायचं होतं. आमच्या वस्तीवरच्या कुणी कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. ही पोरगी हे कुठून डोक्यात घेऊन आली होती, देव जाणे. आबांना विचारलं तर म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? तुजी आक्का शाळंत हाय, ती आन हेडमास्तर म्हनत्याल तसं."

म्हणून जूनमध्ये मीच तिला हेडमास्तरांपुढं उभी केली. हेडमास्तर वाईट गृहस्थ नव्हते, पण शाळेच्या निकालाला फार जपायचे. मुलगी बीजगणितात नापास झाली तर निकाल खाली येणार, ही त्यांची धास्ती. बराच वेळ सुपारी चघळून त्यांनी तोडगा काढला.

"सहामाहीपर्यंत मुलांच्या तासाला बस," ते तिला म्हणाले. "सहामाहीत बीजगणितात साठाच्या वर मार्क पाडलेस, तर विषय तुझा. नाही तर दिवाळीनंतर गुपचूप बाकीच्या मुलींबरोबर अंकगणितात जायचं. नंतर रडत यायचं नाही."

तिने मान हलवली. बाहेर आल्यावर तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. साठ मार्क तिला काहीच नव्हते. मुलांच्या वर्गात खिडकीपाशी एकटीसाठी लावलेल्या बाकावर बसून ती त्या मुलांच्या पुढं गेली. गणिताचे सर मला ऑफिसात येऊन सांगायचे, "बाई, तुमची बहीण मला घाम फोडते." मला बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं झोंबायचंही.

कारण घरी ती मला शिकवायला बघायची. मी चुलीपुढं बसलेले असायचे आणि ही परातीतल्या पिठावर बोटाने काहीबाही लिहायची. "आक्का, तुला गंमत दावू का? ह्यो क्ष हाय ना, त्येच्या..."

"पीठ मळ," मी म्हणायचे. "मॅट्रिक झालेली हाय मी. मला शिकवाया तू आजून लहान हायेस."

ती पिठावरचं पुसून टाकायची आणि मळायला लागायची. असं एकदा नाही, बऱ्याचदा झालं. ते वाक्य एकदा जरी मी तिला पुरं करू दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण धाकट्या बहिणीकडून शिकायचं म्हणजे माझ्या इभ्रतीला धक्का. कसली इभ्रत नि कसलं काय.

सहामाही जवळ आली तशी सगळ्या विषयांची हस्तलिखितं माझ्या टेबलावर जमायला लागली. शाळेत तेव्हा पेपर सायक्लोस्टाईलवर निघायचे. मेणाचा थर असलेला स्टेन्सिलचा कागद मशीनला लावायचा, रिबन बंद करायची आणि कोरडीच टकटक करायची. अक्षराच्या आकाराने मेण कापलं जातं. मग शिपाई तो कागद शाईच्या रोळाला गुंडाळून हँडल फिरवत बसायचा. कुठं चुकलंच तर बाटलीतलं तांबडं द्रव्य ब्रशने लावायचं, ते वाळलं की त्यावर परत मारायचं. माझी ती बाटली जूनपासून जवळजवळ भरलेलीच होती. येणाऱ्या-जाणाऱ्या शिक्षकांना मी ती मुद्दाम दाखवायचे.

गणिताचे सर जुन्या वळणाचे. नवीन मंडळी इंग्रजी एक्स-वाय लिहायला लागली होती, पण ते अजून क्ष आणि य वरच होते, आणि मराठी मशीनला ते सोयीचंच होतं. त्यांनी हस्तलिखित दिलं आणि म्हणाले, "बाई, वर्गमुळाची चिन्हं आणि अपूर्णांकांच्या रेघा मशीनवर निघणार नाहीत. तिथं जागा सोडा, मी टोच्याने हाताने काढतो. बाकी आहे तसं उतरवा."

त्यांनी मला घातांबद्दल काही सांगितलं नाही. आधीच्या क्लार्कला ते सवयीचं होतं, मलाही असेल असं त्यांनी धरलं. शाळेत काम करणाऱ्या माणसाला क्ष वर्ग माहीत नसेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मी हस्तलिखित बघितलं आणि कपाळाला हात लावला. किती गबाळं लिहावं माणसाने? जवळजवळ प्रत्येक क्षच्या खांद्यावर बारीकसा दोन नाही तर तीन. कुठं तो तिरका, कुठं वरच्या ओळीला टेकलेला. आता आमच्या धंद्यातली गोष्ट अशी, की मसुदा लिहिताना एखादा शब्द राहून गेला तर लिहिणारा तो वरच्या बाजूला बारीक अक्षरांत खुपसतो, आणि टायपिस्टने तो गपगुमान खाली ओळीत घ्यायचा असतो. शाळेच्या पत्रांत हे मी रोज करत होते. मला वाटलं, सर घाईघाईत आकडे विसरले आणि त्यांनी ते मागाहून खुपसले. शिवाय वर उडालेलं काही कागदावर ठेवायचं म्हणजे मास्तरांची तांबडी पेन्सिल माझ्या डोळ्यांपुढं नाचायची. मी एकेक दोन आणि एकेक तीन उचलला आणि शिस्तीत क्षच्या शेजारी, ओळीत बसवला. सगळा पेपर असा सरळसोट झाला. एवढा देखणा कागद मी त्याआधी काढला नव्हता असं मला वाटलं.

सरांना विचारावं असं एकदा मनात आलं होतं, हे नाकारत नाही. एका प्रश्नात क्षच्या अलीकडेही दोन होता आणि वरही दोन होता. दोनदा दोन कशाला, असं वाटलं. पण विचारलं असतं तर मला बीजगणित येत नाही हे कळलं असतं. मी नाही विचारलं.

संध्याकाळी सर आले. त्यांनी स्टेन्सिल खिडकीच्या काचेवर धरला, आणि मी सोडलेल्या जागा शोधून तिथं टोच्याच्या अणकुचीदार टोकाने वर्गमुळं आणि रेघा काढल्या. उजेड कमी झाला होता आणि मेणाच्या कागदावर अक्षरं धड दिसतही नाहीत. त्यांचं लक्ष फक्त मोकळ्या जागांवर होतं. "स्वच्छ केलंयत हो," ते म्हणाले. मी हवेत तरंगतच घरी गेले.

परवा माझी नात कॉम्प्युटरवर कॉलेजचं काहीतरी लिहीत होती. तिने क्षच्या जागी एक्स लिहिला, दोन बटणं दाबली, आणि पुढचा दोन आपोआप बारीक होऊन वर जाऊन बसला. मी तिला परत करून दाखवायला लावलं. ती म्हणाली, "आजी, यात काय एवढं?" मी म्हटलं, काही नाही गं. आमच्या मशीनवरही ते करता येत होतं. रोळ हाताने अर्धी ओळ फिरवायचा, दोन मारायचा, रोळ परत जागेवर आणायचा. मला पुढं ते इतकं सरावाचं झालं की न बघता करायचे. पण त्या सहामाहीत रोळ फिरवायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

बीजगणिताचा पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, शिपाई ऑफिसात आला आणि म्हणाला, "बाई, सरांनी बोलावलंय व्हरांड्यात." त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. व्हरांड्यात गणिताचे सर पेपर हातात घेऊन उभे होते. शेजारी भूगोलाचे आणि इतिहासाचे सर.

"बाई, हे काय केलंत? घात सगळे खाली कसे आले?"

"सर, ते वर उडाले होते," मी म्हटलं. "मी ओळीत घेतले."

मग भूगोलाचे सर जे हसायला लागले, ते त्यांना आवरेना. इतिहासाचे सर भिंतीकडं तोंड करून हसत होते. गणिताचे सर आधी गंभीर होते, पण शेवटी त्यांनाही राहवलं नाही. "वर उडाले होते," ते म्हणाले आणि डोळे पुसले. "बरं झालं बाई, आमचं गणित एकदाचं जमिनीवर आणलंत." वर्गाच्या दारातून पुढच्या बाकावरची पोरं माना लांब करून बघत होती. त्यांनाही कळलं. पोरंच ती, त्यांच्यात खसखस पिकली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या व्हरांड्यात समजलं. अंगावर इस्त्रीची साडी होती आणि मी तिच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. सर म्हणाले, "जा तुम्ही, मी बघतो," आणि खडू घेऊन एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेले. फळ्यावर क्ष काढून त्यावर दोन लिहून ते पोरांना दुरुस्ती सांगत होते आणि प्रत्येक वर्गातून हसणं ऐकू येत होतं.

मी ऑफिसात आले, दार लोटलं आणि मशीनवर झाकण घालून बसले. मग झाकण काढलं. मग परत घातलं. रडू येत होतं, पण रडले तर शिपाई बघेल म्हणून रडले नाही. उद्यापासून शिक्षकांच्या खोलीत माझं काय नाव पडणार, हेडमास्तर काय म्हणतील, ही बातमी गावात किती वेळात पोचेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. नोकरी सोडावी असंही ठरवून झालं. पेपर सुटल्याची घंटा झाली तेव्हासुद्धा मी त्याच तंद्रीत होते.

संध्याकाळी बहिणीबरोबर पाटाच्या कडेने घरी निघाले. ती गप्प होती. मी मात्र तोंड सोडलं होतं. भूगोलाच्या सरांना दोन शब्द, इतिहासाच्या सरांना चार. "येवढं काय मोठं झालं? दोन वर काय आन खाली काय. शेजारी तर हुता ना? पन न्हाई. सगळ्या शाळंम्होरं मला हसले. वर्गावर्गात जाऊन फळ्यावर लिवलं, माजी आब्रू टांगली."

ती चालता चालता थांबली. "दोन वर हुता?"

"व्हय. आसतो म्हनं वर. तुला नाय ठाव?"

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

तिचा चेहरा बघितला तेव्हा कुठं मला आठवलं. परीक्षेला मुली वेगळ्या खोलीत बसल्या होत्या. इमारतीच्या पार टोकाला, शिवणाच्या खोलीशेजारी. तिथल्या सगळ्यांपुढं अंकगणिताचा पेपर होता, आणि एकटीपुढं माझा. सुपरव्हिजनला शिवणाच्या बाई. त्यांना बीजगणित माझ्याइतकंच येत होतं.

"तुमच्या खोलीत सर आले नाय सांगाया?"

"न्हाई."

"मंग तू काय केलंस?"

"छापलं हुतं तसं सोडवलं," ती म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

सरांना ती आठवली नाही, हे एक वेळ मी समजू शकते. बीजगणित म्हणजे मुलगे, असं त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं बसलेलं. पण मला? माझ्या सख्ख्या बहिणीचं सगळं त्या एका पेपरवर होतं. जूनमध्ये मीच तिला उभी केली होती. चूक मला व्हरांड्यात समजली तेव्हा धावत त्या टोकाच्या खोलीत जायला कितीसा वेळ लागला असता? तिच्याजवळ जाऊन, सगळे दोन वर घे गं, एवढंच म्हणायचं होतं. मी ऑफिसात झाकण काढत-घालत बसले होते. माझी लाज मला इतकी मोठी झाली होती की तिच्यात माझी बहीण मावली नाही. चूक काय, कुणाच्याही हातून होते. पण ते दार लोटून बसणं मला आजही सहन होत नाही.

"उद्या सरांना सांगते," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे आक्का," ती म्हणाली. "तुला परत हसत्याल."

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आतून भूगोलाच्या सरांचा आवाज आला. कुणालातरी ते कालचा किस्सा सांगत होते, आणि माझ्या आवाजाची नक्कलही करत होते. वर उडाले होते, मी ओळीत घेतले. मी मागे फिरले. म्हटलं, सर एकटे सापडले की सांगू. त्या दिवशी ते एकटे सापडले नाहीत. त्यानंतर दोन दिवस शाळेत असून मी त्या बाजूला फिरकलेही नाही, आणि सर तपासायचे गठ्ठे घेऊन दिवाळीसाठी आपल्या गावी गेले. दिवाळीत बहिणीने फराळाला मदत केली, पणत्या लावल्या, आबांना उटणं लावून दिलं. बीजगणिताचं पुस्तक तिने एकदाही उघडलं नाही. मी तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

सुट्टी संपली आणि मी पहिल्या दिवशी सकाळीच सरांना गाठलं. या खेपेला कोण आहे, कोण नाही, बघितलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की मुलींच्या खोलीत दुरुस्ती पोचली नव्हती, माझ्या बहिणीने चुकीचा पेपर सोडवला. खोलीत कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा उतरला.

"अरे, ती राहिलीच," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही."

ते मला घेऊन हेडमास्तरांकडे गेले. तिने सोडवलेला पेपर सरांनी सोबत घेतला होता. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिला घातच ठाऊक नव्हते का? तसं असेल तर मार्क द्यायचे कशाचे?"

"ठाऊक होते," सर म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला होता. "तेच तर समजत नाही. क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा, हे तिने आधी वर्ग धरूनच सोडवलंय. अवयव बरोबर, उत्तर बरोबर. सगळी गणितं अशी सोडवलीत. आणि मग स्वतःच काट मारून खाली क्ष गुणिले दोन धरून परत केलंय. उत्तर काय, तर उणे सहा भागिले सात. असलं उत्तर या पोरीच्या हातून येणारच नाही."

शाळेचा दंडक होता, की काट मारलेलं उत्तर तपासायचं नाही. मुलं दोन-दोन उत्तरं लिहून ठेवत म्हणून तो केला होता. हेडमास्तरांनी तो सांगितला. सरांनी दुसरा पेपर घेऊ द्या म्हणून रदबदली केली, मी तर हात जोडले. हेडमास्तर सुपारी चघळत राहिले.

"पेपर चुकला हे मान्य," ते म्हणाले. "त्यात तिचा दोष नाही. पण बरोबर उत्तर येऊनही जिने ते स्वतःच्या हाताने खोडलं, ती मुलगी बोर्डाच्या परीक्षेत काय करील? डळमळीत आहे ती. मॅट्रिकला जाऊन फसण्यापेक्षा आत्ता अंकगणित बरं. तिच्या भल्याचंच सांगतोय."

बरोबर उत्तर खोडायचं कारण मलाही माहीत नव्हतं.

घरी गेले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. राग हेडमास्तरांचा होता, सरांचा होता, माझा स्वतःचा होता, पण समोर सापडली ती. आई-आबा शेतात होते. ही ओट्यावर बसून मेथी निवडत होती.

"बरोबर आलं हुतं तुला," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "समदं बरोबर आलं हुतं. मंग काट कशाला मारलीस? आं? काय भूत बसलं हुतं का मानगुटीवर? तेवढ्या काटंपायी गेलं सगळं. आता बस आंकगनित करत."

ती मेथी निवडत राहिली.

"पयले वर्ग धरूनच केलं," ती खाली मान घालूनच म्हणाली. "मंग ध्येनात आलं, पेपर तू छापलाय. तुज्या हातनं चूक व्हत न्हाई. दोन खाली लिवलाय म्हंजी खालीच आसनार. मला वाटलं, माजंच चुकलं."

मी ओट्यावर बसले. ती रडत नव्हती, चिडलेली नव्हती, मला बोलही लावत नव्हती. तिने फक्त जे झालं ते सांगितलं होतं. व्हरांड्यात आख्खी शाळा मला हसली तेव्हा जी लाज वाटली, ती या लाजेपुढं काहीच नव्हती. साऱ्या शाळेत माझ्या त्या बढाईवर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि त्यानेच तो ठेवून आपलं बरोबर असलेलं खोडलं होतं.

माफ कर म्हणावं, असं मनात आलं. आमच्या घरात बहिणी-बहिणींत असलं बोलायची रीत नव्हती, आणि मला ते जमलंही नाही. मी पुढं होऊन मेथीची जुडी ओढून घेतली आणि तिच्याबरोबर निवडायला लागले.

जुडी संपली. मग तिने निवडलेली पानं टोपलीत टाकली, हात झटकले आणि विचारलं, "तुजं आंकगनिताचं पुस्तक माळ्यावर आसंल ना गं आक्का? काडून दे. उद्यापासून लागंल."